मानवी भूगोलाच्या नोट्स: लातूरच्या झेरॉक्स दुकानांत मिळणारा संच

जागतिकीकरणाच्या भागासाठी हा संच घ्यावाच. 1991 च्या आर्थिक उदारीकरणाच्या धोरणावर न रेंगाळता तो थेट आडतीवर येतो: खाद्यतेलावरचं आयात शुल्क घटलं की पामतेल स्वस्त पडतं, गिरण्यांची सोयाबीनची मागणी ढिली होते, भाव उतरतो. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, शेंद्रा-बिडकीन या औद्योगिक वसाहतीही आहेत. नकाशे मात्र काळेठिक्कर, अ‍ॅटलास जवळ ठेवा.

विकासाचं प्रकरण कच्चं. मानव विकास निर्देशांक अजून साध्या सरासरीने काढलाय! 2010 पासून आरोग्य, शिक्षण, उत्पन्न या तिन्ही निर्देशांकांचा गुणाकार करून घनमूळ घेतात. 0.9, 0.6, 0.3 असतील तर जुन्या रीतीने 0.600, नव्या रीतीने 0.545, एकीकडची उणीव दुसरीकडून पूर्ण झाकली जात नाही. सेट (सहायक प्राध्यापक पात्रता) परीक्षा देणाऱ्यांनी ते पान आधी दुरुस्त करावं.