‘लाइफटाइम फोटोशॉप’ घेण्याआधी हे वाचा

आजी-आजोबांचा अल्बम पावसाळ्यात भिजला, तेव्हा ताईने त्यातले वाचतील तेवढे फोटो स्कॅन करून घरच्या कॉम्प्युटरवर ठेवले. त्यांवरचे डाग काढायला तिला सॉफ्टवेअर हवं होतं. मोबाइलवर जाहिरात दिसली: फोटोशॉप, लाइफटाइम, ओरिजिनल की (सॉफ्टवेअर चालू करणारा कोड), फक्त ७९९ रुपये. यूपीआयने पैसे जाताच व्हॉट्सॲपवर लिंक आली.

झिप फाइलला पासवर्ड होता. असा पासवर्ड लावला की अँटिव्हायरसला आत डोकावता येत नाही. त्यावर विक्रेत्याचा फोन, अगदी अदबीने: “मॅडम, पाच मिनिटं अँटिव्हायरस बंद ठेवा, नाहीतर तो की डिलीट करतो.” खरी फसवणूक इथे झाली. की वाचवायला अँटिव्हायरस बंद करा, असं अस्सल विक्रेता सांगत नाही. असं कुणी म्हणालं की तिथेच थांबा, पैसे गेले तर जाऊ द्या.

फोटोशॉप सुरूही झालं, म्हणून ताईला संशय आला नाही. दुसऱ्या दिवशी एकही फोटो उघडेना. प्रत्येक फाइलच्या नावापुढे चार अक्षरांचं विचित्र शेपूट, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एक चिठ्ठी: ९८० डॉलर द्या, ७२ तासांत दिलेत तर ४९०. विक्रेत्याने नंबर ब्लॉक केला होता. हे ‘स्टॉप’ नावाचं रॅन्समवेअर, म्हणजे फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा प्रोग्राम. क्रॅक केलेल्या, म्हणजे कुलूप तोडून चोरलेल्या सॉफ्टवेअरमधूनच ते प्रामुख्याने पसरतं. बऱ्याचदा सोबत पासवर्ड चोरणारा प्रोग्रामही येतो, म्हणून बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड आम्ही लगेच दुसऱ्या मशीनवरून बदलले.

अॅडोबीने २०१३ पासून फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर दिल्या आहेत. एकदाच पैसे भरून कायमची मिळणारी शेवटची आवृत्ती २०१२ ची सीएस ६. म्हणजे आजचं फोटोशॉप ‘लाइफटाइम’ विकणारा खोटंच बोलतोय. ही एक गोष्ट ताईला कुणी आधी सांगितली असती तर!

आणि डाग काढायला फोटोशॉपच लागतं असंही नाही. गिंप हे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर मोफत आहे, त्यातलं हीलिंग टूल याच कामाचं. मात्र ते गिंपच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या, पत्ता हाताने टाइप करून. २०२२ मध्ये गूगलवर गिंपची अशी जाहिरात झळकली होती, जिच्यात पत्ता खरा दिसायचा आणि क्लिक केल्यावर बनावट साइट उघडून व्हायरस उतरायचा.

पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम गोठवणं अवघड. खंडणी देऊ नका, आणि लॉक झालेल्या फाइली डिलीटही करू नका. युरोपोल या युरोपीय पोलीस संस्थेच्या सहभागाने चालणाऱ्या ‘नो मोअर रॅन्सम’ साइटवर काही रॅन्समवेअरची कुलपं उघडणारी साधनं मोफत मिळतात आणि नवी येत राहतात. ताईच्या फाइली त्यांतल्या कशानेच अजून उघडलेल्या नाहीत. त्या वेगळ्या हार्ड डिस्कवर आहेत.