‘टेकआऊट’ शॉकअपच्या नावाखाली १४,२५० रुपयांचा चुना

हसायचं असेल त्यांनी आधीच हसून घ्या. पाथर्डी फाट्यावर बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये गाडीचं निम्मंअधिक काम स्वतः करणारा मी, आणि व्हॉट्सॲपवरच्या ‘कंपनी टेकआऊट, झिरो किलोमीटर’ला भुललो. पुढच्या शॉकअपची जोडी ७,८००, कुरिअर ६५०. पैसे आधी, माल नंतर. पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

फोटोतच कळायला हवं होतं. नकलचे, म्हणजे चाक धरणाऱ्या लोखंडी भागाचे, दोन बोल्ट बसतात त्या शॉकअपच्या कानांवर काळ्या रंगाखाली वॉशरची गोल खूण होती. टेकआऊट म्हणजे एकदा बसवून काढलेला माल, खूण असणारच. हे चूकही नाही! पण खुणा दोन होत्या, एकीवर एक, जराशा सरकलेल्या. म्हणजे तो शॉकअप एकदा नव्हे, निदान दोनदा कसलेला. तीनदा झूम करून पाहिलं. स्वस्तात मिळतंय म्हटल्यावर डोळे असून उपयोग नसतो.

माल हातात आला की रॉड पूर्ण दाबून सोडा. गॅसचा शॉकअप हळूहळू आपणहून वर येतो. माझ्यातला एक खालीच बसला. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणतो, ‘आडवा पडून होता, पाच-सहा वेळा पंप करा.’ अर्धसत्य! पंप केल्याने आतली हवा निघते, गेलेला गॅस परत येत नाही.

बसवल्यावर स्प्रिंग टेकते तो कप मूळ कपापेक्षा ८ मिमी खाली आला. दुसऱ्याच मॉडेलचा स्ट्रट, म्हणजे स्प्रिंगचा कप असलेला हा पुढचा शॉकअप. टायर आणि कप यांच्यात करंगळीही जाईना. तो म्हणतो, ‘जॅकवरून उतरवा, वजन आलं की फट वाढेल.’ इथे तरी फोन ठेवायला हवा होता. स्ट्रट नकललाच कसलेला असतो, चाकाबरोबर वरखाली होतो, चाकाबरोबरच वळतो. जॅकवर फट नाही ती रस्त्यावर कुठून येणार? हे मला माहीत होतं, तरी त्याच्याकडूनच ५ मिमीचे व्हील स्पेसर, म्हणजे चाक बाहेर सरकवायला हब आणि चाकामध्ये घालायच्या चकत्या, घेतले. १,६००.

स्पेसरचं गणित लिहून ठेवा. स्टड, म्हणजे चाकाचा नट चढतो तो बोल्ट, १२ मिमीचा आणि आट्यांचं पिच (एका फेऱ्यात नट सरकतो ते अंतर) दीड मिमी असेल, तर नट किमान आठ फेरे चढला पाहिजे. ५ मिमी स्पेसरने तीनहून जास्त फेरे गेले. वर चाक मधोमध बसवणारी हबची कड स्पेसरने गिळली, चाक नुसत्या नटांवर मध्यभागी धरलं गेलं, ताशी ऐंशीला स्टिअरिंग थरथरायला लागलं. खड्ड्यात टायर दबला की घासणं चालूच. आतल्या बाजूने कापला गेला, नवा ४,२००.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, ‘वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली?’ चुकीची, जुनी, रंगवलेली वस्तू म्हटलं, तर ‘दिवाणी मामला, ग्राहक मंचात जा.’ दुसऱ्या टेबलावर ‘ऑनलाइन पैसे ना? सायबरला जा.’ सायबरवाले म्हणतात, माल पोहोचलाय, आमच्यात बसत नाही. दोन रजा गेल्या, अर्जावर पोच मागितली तर साहेब जेवायला गेलेले. ग्राहक तक्रारीच्या ई-जागृती पोर्टलवर ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, हे खरं. पण तिथे समोरच्याचं नाव-पत्ता लागतो, आणि माझ्याकडे फक्त मोबाईल नंबर. बिल आणि दुकानाचा पत्ता आल्याशिवाय रुपयाही पाठवू नका. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. स्ट्रटवरचा पार्ट नंबर फोटोत मागा. खरवडलेला असेल तर तिथेच थांबा.

काल त्याच्या स्टेटसवर ‘शेवटची एक जोडी’ होती. कानांवरच्या दोन गोल खुणा त्याच.