कोल्हापूर, पुणे की घरीच? सीमाभागातून पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करताना

बी.एस्सी.चा निकाल लागला की खानापूर-बेळगाव-निपाणी पट्ट्यातल्या घरांत दोनच शब्द ऐकू येतात, बी.एड. आणि बँक. मधेच कुणी पर्यावरणशास्त्राचं नाव काढलं की सगळे गप्प. मी काढलं तेव्हा काका म्हणाले, "एवढं शिकून गटारीचं पाणी मोजणार काय रे?" पहिलं सेमिस्टर खरंच त्यातच गेलं. पाण्याची बाटली २७ अंशांवर तीन दिवस ठेवायची आणि जिवाणूंनी किती ऑक्सिजन संपवला ते काढायचं. हा बीओडी. काकांचं तसं चुकलं नव्हतं. त्या आकड्यावरून साखर कारखान्याला नोटीस निघते, एवढंच त्यांना ठाऊक नव्हतं.

आता दरवर्षी दोन-चार मुलं विचारायला येतात. त्यांच्यापुढं मुख्यतः तीन वाटा असतात.

कोल्हापूर

बहुतेकांना मी हीच वाट सांगतो. १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठात पर्यावरणशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. बेळगावहून साधारण ११० किलोमीटर, निपाणी-कागल हायवेनं. रेल्वे मिरजेचा वळसा घालून जाते, म्हणून बहुतेक बसनंच जातात. शनिवारी घरी येऊन सोमवारी परतता येतं. मेसच्या जेवणानं वैतागलेल्या पोराला याची किंमत विचारा.

पण जवळीक हे खरं कारण नाही. तिथं शिकायचा विषय दारात आहे. पंचगंगेचं प्रदूषण, इचलकरंजीच्या कापड प्रोसेसिंगचं रंगीत सांडपाणी, रंकाळ्यातली जलपर्णी, २०१९ आणि २०२१ चे महापूर, राधानगरीचे गवे. शिवाय पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते आणि पुढं तीच कृष्णा आपल्या चिकोडी-अथणीत उतरते. वेदगंगा-दूधगंगाही तिकडून आपल्याकडं येतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोळ बुडालं तेव्हा आपली नदीकाठची गावंही बुडाली होती. वरच्या अंगाला राहून खालच्या अंगाचा अभ्यास करण्याची ही सोय पुण्याला नाही.

उणी बाजूही सांगतो. पदवीनंतर नोकऱ्या देणाऱ्या सल्लागार कंपन्या कोल्हापुरात मोजक्याच. शेवटी पुण्याचं तिकीट काढावंच लागतं.

पुणे

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा पर्यावरणशास्त्र विभाग आहे, फर्ग्युसनमध्ये विषय आहे, आणि धनकवडीत भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण व संशोधनासाठी स्वतंत्र संस्था आहे. २००६ च्या ईआयए अधिसूचनेमुळं मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणीय परिणामांचा अहवाल द्यावा लागतो. तो मान्यताप्राप्त सल्लागारच करतात. हवा, पाणी, आवाज, जैवविविधता, प्रत्येकासाठी वेगळा तज्ज्ञ लागतो. हे काम पुण्यात भरपूर आहे आणि शिकतानाच इंटर्नशिप मिळते.

पैशाचं मात्र आधी बघा. खोली, मेस, प्रवास धरला तर कोल्हापूरच्या दुप्पट खर्च सहज होतो. वडिलांची दोन एकर शेती आणि घरात धाकटी बहीण शिकतेय, तर नुसत्या नावासाठी पुणे गाठू नये असं माझं मत. सल्लागारीतच उतरायचं पक्कं ठरलं असेल तर मात्र खर्च वसूल होतो.

घरी राहून

बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठात भूगोलात पदव्युत्तर शिक्षण घेता येतं. भूगोलाला आपल्याकडं शिक्षकी पेशाचा शिक्का बसलाय, पण जीआयएस (संगणकावरचं नकाशाशास्त्र) आणि उपग्रह चित्रं नीट शिकलेल्या मुलाला पूररेषा आणि पाणलोटाच्या कामात मागणी असते. दुसरा मार्ग इग्नूचा, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचा. बी.एस्सी. नसेल तरी कुठल्याही पदवीवर पर्यावरण अभ्यासात एम.ए. करता येतं. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना ते बरं. प्रयोगशाळेचा हात मात्र त्यातून बसत नाही, आणि कारखान्यांच्या नोकरीत तोच बघतात.

कागदपत्रं आणि कन्नड

इथं मुलं सगळ्यात जास्त अडकतात. महाराष्ट्र सरकारनं दावा केलेल्या ८६५ गावांतल्या मराठी विद्यार्थ्यांसाठी तिकडं काही सवलती आहेत. आपलं गाव यादीत आहे का, आणि आपल्या अभ्यासक्रमाला ती सवलत लागू आहे का, हे प्रवेश विभागात जाऊन लेखी विचारा. जातीच्या दाखल्याचं वेगळंच. कर्नाटकात मराठा समाज मागासवर्गीयांच्या ३ब गटात येतो. तो दाखला तिकडं तसाच चालेल असं धरून बसू नका. माझे सगळे दाखले कन्नडमध्ये होते आणि खिडकीवरच्या बाईंनी ते उलटे धरून वाचायचा प्रयत्न केला. शेवटी भाषांतर आणि नोटरी करून आणावी लागली. दोन दिवस गेले. तुम्ही निकालाआधीच करून ठेवा.

कन्नडचा मुद्दा आपल्याकडं कुणाला आवडत नाही, तरी सांगतो. शिकायला कोल्हापूर गाठलंत तरी परत येऊन इथं काम करायचं असेल तर कन्नड वाचता आलं पाहिजे. कर्नाटकाच्या सरकारी भरतीत ते लागतंच. ग्रामपंचायतीचे ठराव, वनखात्याच्या नोंदी, सगळं कन्नडमध्ये. गावकऱ्यांशी बोलणं मात्र मराठीत, कणकुंबीच्या बाजूला कोकणीत. या तिन्ही भाषा येणारा माणूस खानापुरात क्षेत्रकामाला उतरला की बाहेरून आलेल्या संशोधकाला जे महिनाभरात कळत नाही ते त्याला आठवड्यात कळतं.

प्रोजेक्ट कुठं करणार?

मला विचाराल तर पहिला प्रश्न हा, कॉलेज कुठलं हा नंतर. आपल्या जिल्ह्याइतका विषय दुसरीकडं शोधून सापडणार नाही. २०११ साली जाहीर झालेलं भीमगड अभयारण्य, त्यातल्या बारापेडे गुहांमधलं दुर्मिळ रॉटन वटवाघूळ. कणकुंबीला उगवणारी मलप्रभा. म्हादईचं पाणी तिच्यात वळवायचा कळसा-भांडुरा प्रकल्प, ज्यासाठी लवादानं २०१८ मध्ये ३.९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मंजूर केलं आणि ज्यावरून गोवा अजून भांडतोय. उद्यमबागेतल्या फाउंड्रींची टाकाऊ वाळू, ॲल्युमिना कारखान्याचा लाल चिखल, बळ्ळारी नाल्याच्या पुरात दरवर्षी बुडणारी भातशेती.

म्हणून प्रवेश घेण्याआधी विभागात जा आणि मागच्या दोन-तीन वर्षांच्या प्रोजेक्टची यादी मागा. जिल्ह्याबाहेर काम करू देणारा गाईड असेल तर तिथं प्रवेश घ्या. माझ्या गाईडनी आधी नाही म्हटलं होतं, "तिकडची परवानगी कोण आणणार?" मी आणली, वनखात्यात चार फेऱ्या मारून.

पुढं पीएच.डी. करायची असेल तर यूजीसी नेटमध्ये पर्यावरणशास्त्र हा विषय आहे आणि जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) मिळाली तर महिना ३७,००० रुपये. २०२१ पासून गेटमध्येही पर्यावरणशास्त्र व अभियांत्रिकीचा पेपर आलाय. दोन्हींची तयारी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातच सुरू करावी.

आणि कोल्हापूर घेतलंत तर एक लक्षात ठेवा. दिवाळीची सुट्टी बऱ्याचदा १ नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटकाच्या राज्योत्सवाच्या आणि आपल्याकडच्या काळ्या दिनाच्या आसपास येते. परतायचं असेल तर आदल्या दिवशीच निघा, नाहीतर सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर उतरून चालत पलीकडं जावं लागतं. मी दोनदा गेलोय, बॅग डोक्यावर घेऊन.