'ऑल मॉड कॉन्स' : पोशाख जुना, नजर आजची

ब्रिटनमध्ये १९७९ च्या सुमारास 'मॉड' तरुण, म्हणजे साठच्या दशकातील नेटक्या पोशाखाच्या, स्कूटर आणि संगीताच्या वेडाचे वारसदार, पुन्हा रस्त्यांवर दिसू लागले, तेव्हा त्यांचा थाट पंधरा वर्षांपूर्वीचाच होता : अंगाबरोबर बसणारा सूट, त्यावर पार्का हा ढगळ, टोपीवाला लष्करी कोट आणि चालवायला आरशांनी मढवलेली लॅम्ब्रेटा किंवा व्हेस्पा. (साठच्या दशकात आपल्याकडेही लॅम्ब्रेटा मुंबईत आणि व्हेस्पा पुण्यात तयार होत असे, परंतु ती बिचारी भाजीच्या पिशव्या आणि अख्खे कुटुंब वाहण्यात गुंतलेली होती.) या लाटेचा म्होरक्या मानला गेलेला बँड म्हणजे सरे परगण्यातील वोकिंग या गावचा 'द जॅम', आणि लाट अजून चढायची होती तेव्हाच, नोव्हेंबर १९७८ मध्ये, पॉलिडॉर कंपनीने त्यांचा 'ऑल मॉड कॉन्स' हा तिसरा अल्बम बाजारात आणला.

बँडचे गायक-गीतकार पॉल वेलर, बेस गिटारवादक ब्रूस फॉक्सटन आणि ड्रमवादक रिक बकलर या तिघांचा दुसरा अल्बम घाईत उरकल्यासारखा निघाला होता आणि तिसऱ्यासाठी केलेली सुरुवातीची गाणी कंपनीकडून नापसंत होऊन परत आली होती. या नकाराने वेलर यांचे भलेच केले, असे ही रेकॉर्ड ऐकताना वाटते. पहिल्या दोन अल्बममध्ये साठच्या दशकातील 'द हू' या बँडची छाप लपत नव्हती. येथे त्याच काळातील 'द किंक्स' या बँडचे गीतकार रे डेव्हिस यांच्याकडून माणसे न्याहाळण्याची कला घेतलेली दिसते. त्यांचेच 'डेव्हिड वॉट्स' फॉक्सटन येथे जोशात गातात. 'मिस्टर क्लीन'मधील टापटीप, सुखवस्तू नोकरदाराविषयीचा तिरस्कार मात्र इतका उघडा आहे की, गाणाऱ्याच्या वयाची आठवण ठेवूनच तो ऐकावा लागतो. वेलर तेव्हा जेमतेम वीस वर्षांचे होते.

अल्बमचे खरे मोल शेवटच्या 'डाउन इन द ट्यूब स्टेशन ॲट मिडनाइट' या गाण्यात आहे. भुयारी रेल्वेचा खडखडाट ऐकू येतो, मागोमाग फॉक्सटन यांच्या बेसची धावती, अस्वस्थ लकेर सुरू होते आणि बायकोसाठी करीचे पार्सल घेऊन घरी निघालेल्या एका सामान्य माणसाला फलाटावर गुंड गाठतात. त्यांच्या अंगाला दारूच्या गुत्त्यांचा, तुरुंगाचा आणि उजव्या गटांच्या सभांचा वास येतो, एवढ्या एका तपशिलात वेलर त्या वर्षांतील लंडनचे वातावरण पकडतात. मार खाऊन पडलेल्या माणसाच्या मनात येते ते असे की, घराची किल्ली गुंडांच्या हाती लागली आहे आणि घरी बायको वाट पाहत आहे. वेलर हे गाणे टाकूनच देणार होते. निर्माते व्हिक कॉपरस्मिथ-हेवन यांच्या आग्रहाने ते वाचले, याबद्दल श्रोत्यांनी त्या गृहस्थांचे ऋणी राहावे.

बाकीची रेकॉर्ड सर्वत्र याच तोलाची नाही. 'फ्लाय' रेंगाळते, तर 'इट्स टू बॅड'मध्ये साठच्या दशकाची उसनवारी स्पष्ट ऐकू येते. याउलट 'इंग्लिश रोझ' हे केवळ गिटारच्या साथीने गायलेले प्रेमगीत अनपेक्षितपणे कोवळे आहे. मूळ वेष्टनावर त्याचे नावही छापलेले नव्हते. शक्य असेल तर विनाइल आवृत्तीच घ्यावी, कारण आतल्या पाकिटावर स्कूटरच्या आकृतीसह मॉड जगातील चीजवस्तूंची जी मांडणी आहे, ती फोनच्या पडद्यावर निरर्थक ठरते.

पुढच्याच वर्षी 'सीक्रेट अफेअर', 'पर्पल हार्ट्स', 'द कॉर्ड्स' असे बँड या वाटेने आले. त्यांच्यात उत्साह भरपूर होता, पण त्यांचे पुष्कळसे गाणे मॉड असण्याविषयीच होते. 'द जॅम' जुन्या कपड्यांत राहूनही आपल्या काळातील रस्ते, कचेऱ्या आणि मारामाऱ्या पाहत होते. म्हणूनच त्यांची ही रेकॉर्ड आजही ऐकवते आणि इतरांच्या बऱ्याचशा रेकॉर्डी संग्राहकांच्या कपाटापुरत्या उरल्या आहेत.

नव्या श्रोत्याने सुरुवात येथूनच करावी. १९८० मध्ये ब्रिटनच्या विक्रीयादीत थेट पहिल्या क्रमांकावर दाखल झालेले 'गोइंग अंडरग्राउंड' मात्र येथे सापडणार नाही. त्यासाठी बँड विसर्जित झाल्यानंतर १९८३ मध्ये आलेला 'स्नॅप!' हा संग्रह पुढची खरेदी म्हणून योग्य ठरेल.