शिबिर की वर्षभराची सोबत?

सांगली जिल्ह्यातील वाटेगावात १९२० साली जन्मलेल्या अण्णा भाऊ साठे यांना शाळा जवळजवळ लाभलीच नाही. आज त्याच जिल्ह्यातील दलित वा भटक्या-विमुक्त समाजातील नवलेखकापुढे मार्गदर्शनाच्या दोन वाटा असतात. दोन दिवसांच्या लेखन-शिबिरात सोबती भेटतात, हुरूप येतो. मात्र मजुरी बुडते आणि हस्तलिखित कोणी पूर्ण वाचत नाही. अनुभवी लेखकाने वर्षभर, महिन्यातून एकदा, मसुदा सोबत बसून वाचला, तर बोलीतला नेमका शब्द प्रमाण मराठीसाठी का सोडू नये, कोणता प्रसंग लांबवावा, प्रकाशकाच्या करारातील हक्कांचे कलम कसे वाचावे, हे नवलेखकाला स्वतःच्याच पानांवरून उमगते. मार्गदर्शकाची भाषा त्याच्यावर चढण्याचा धोका (तो मला गंभीर वाटतो) आहेच. तरीही निधी एकाच वाटेपुरता असेल, तर तो या सोबतीवर खर्च व्हावा आणि त्यात एस.टी.चे भाडे व बुडालेली मजुरीही धरावी.