आमच्या नावानं झालेली ऑडिशन

"तालीम आजपासूनच ना?" दारातल्या मुलीनं विचारलं. खांद्याला सॅक, एका हातात नाचाच्या बुटांची पिशवी आणि दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवलेलं निवडपत्र. आमच्या संस्थेचं निवडपत्र, जे आम्ही कधी दिलंच नव्हतं.

मी ते उजेडात धरलं. वर आमचं बोधचिन्ह होतं, पण एका जुन्या जाहिरातीतून कापून घेतलेलं. कापताना शेजारच्या 'प्रयोग' शब्दातला अर्धा 'प्र' उजव्या कोपऱ्यात तसाच राहिला होता. खाली माझं नाव आणि माझी म्हणून एक सही. मी सही मराठीत करते, ही इंग्रजीत होती.

त्या सकाळी आम्ही खरं तर सहा व्यावसायिक कलाकारांची वाट बघत होतो. त्यांच्यातलं कोणीच आलं नाही. आली ती ही मुलगी, आणि दुपारपर्यंत तिच्यासारखे आणखी चौघं.

आता मागचं सांगते. आमची संस्था लहान. वर्षभर बारीकसारीक कामं करायची आणि सुट्टीच्या हंगामात तीन आठवडे एक मोठं संगीत नाटक लावायचं, त्याच्या तिकिटांवर पुढचं वर्ष निघतं. अशा नाटकाचा घोळ असा की सुट्टीत सगळ्याच संस्थांना एकाच वेळी नट लागतात. गाता येणारा, नाचता येणारा आणि दिवसाला दोन प्रयोग करूनही आवाज शाबूत ठेवणारा नट हंगामाच्या कितीतरी महिने आधीच कुठेतरी बांधला गेलेला असतो. आणि आमची मुख्य गायिका आठ आठवडे आधी मालिकेत गेली. तिला दोष देत नाही, तिकडे वर्षभराचं काम होतं.

चारच दिवसांत नट पुरवणाऱ्या एका माणसाचा फोन आला. ती सुटल्याचं त्याला कसं कळलं, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं. बोलणं एकदम मुरलेलं. "ताई, हौशी पोरांच्या ऑडिशन घेत बसलात तर पडदा उघडायचा नाही. प्रोफेशनल हवेत ना? मी देतो. तारखा तेवढ्या ब्लॉक कराव्या लागतील." नाईट, बदली कलाकार, रंगीत तालीम, माईकची सवय असलेला आवाज, सगळे शब्द तोंडात. आमच्यातल्याच माणसाशी बोलतोय असं वाटलं. फसवणारा माणूस अनोळखी भाषा बोलत असता तर मी सावध झाले असते हो.

त्यानं चौदा कलाकारांची पीडीएफ पाठवली. फोटो, उंची, आवाजाची पट्टी, आधीची कामं, प्रत्येकाच्या गाण्याचा व्हिडिओ. आम्ही सहा जण निवडले. करारही आले, सह्यांसकट. सहाही सह्या एकाच निळ्या पेनच्या होत्या आणि चौघांच्या 'र'ची शेपटी एकाच तऱ्हेनं खाली ओढलेली होती. हे मला दिसलं ते पैसे गेल्यावर. हंगामाच्या एकूण मानधनापैकी चाळीस टक्के रक्कम आम्ही दोन हप्त्यांत त्याच्या खात्यावर टाकली होती. कलाकारांच्या खात्यावर नव्हे, त्याच्या.

आमचे पेटीवाले काका मात्र पहिल्या दिवशीच अडले होते. मुख्य भूमिकेसाठी निवडलेल्या मुलीचा व्हिडिओ त्यांनी तीनदा पाहिला आणि म्हणाले, "ही श्वास कधी घेते?" खरंच, लांब ओळ संपायची, ओठ मिटायचे, पण ना छाती हलायची ना खांदे, आणि पुढची ओळ ताजीतवानी सुरू व्हायची. मी त्यांना गप्प केलं. म्हटलं, स्टुडिओत गाणं आधी करतात, चित्रण नंतर. ते खरंही आहे, म्हणूनच तर ते कारण मला इतक्या पटकन सुचलं.

काकांनी हट्टानं एक गोष्ट करायला लावली. तेच गाणं दोन पट्ट्या वर चढवून गाऊन पाठवायला सांगा म्हणाले. आमच्या नाटकात ते तिथेच बसत होतं. दोन दिवसांनी क्लिप आली. सूर बरोबर वर गेलेले, पण आवाज पोरकट झालेला, नाकातून आल्यासारखा. माणूस वरच्या पट्टीत गातो तेव्हा ताण येतो, श्वास लवकर संपतो, एखादा शब्द कातरतो. इथे ताण कुठेच नव्हता, नुसता गळा लहान झाला होता. काका म्हणाले, "हिनं पट्टी चढवलेली नाही, यंत्रावर आवाज चढवलाय." मी त्या माणसाला फोन लावला. "ताई, फोनवर रेकॉर्ड केलंय, आवाज तसाच येतो. त्या आत्ता शूटवर आहेत, तालमीला येतील तेव्हा समोर ऐकाच की." मी व्हिडिओ कॉल मागितला. आज नेट नाही, उद्या प्रवास, परवा घसा बसलाय. असे नऊ दिवस गेले आणि त्याच नऊ दिवसांत दुसरा हप्ताही गेला. घाई आमची होती, त्याची नव्हती. हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

पण पैसे बुडाले त्याहून मला त्या मुलीचं पत्र जास्त लागलं. तो माणूस दोन्हीकडून खात होता. आम्हाला नट विकत होता आणि नटांना आमचं नाटक. आमच्या नावानं त्यानं ऑडिशनची जाहिरात फिरवली होती. व्हिडिओ पाठवा, मग 'निवड झाली, अभिनंदन', मग नोंदणी शुल्क, त्यानंतर कार्यशाळेचं शुल्क, शेवटी पोशाखाची अनामत. आमच्यापर्यंत पोचलेले असे तेवीस जण निघाले. त्यातल्या एकीच्या वडिलांनी मला फोनवर जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. त्यांच्या जागी मी असते तर तेच बोलले असते, कारण पत्रावर नाव माझं होतं.

आणि पीडीएफमधली ती मुख्य गायिका? तिच्या फोटोवरून शोधत शोधत मी तिच्या स्वतःच्या पानापर्यंत पोचले. मला दहा मिनिटं लागली. हीच दहा मिनिटं दीड महिना आधी काढली असती तर... असो. ती त्या हंगामासाठी दुसऱ्याच संस्थेशी करारबद्ध होती आणि आमचं नावही तिनं ऐकलं नव्हतं. फोटो तिचा, आवाज भलत्याच कोणाचा. वर शांतपणे म्हणाली, "सुट्टीच्या आधी मला असा एखादा फोन येतोच."

खरी निवड कशी होते हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. जाहिरातीत भूमिका, आवाजाचा पल्ला, तालमीच्या आणि प्रयोगांच्या तारखा, मानधन लिहिलेलं असतं. नट समोर येऊन गाण्याचा छोटा तुकडा गातो. बाहेरच्या संगीत नाटकांत तो बहुधा सोळा किंवा बत्तीस 'बार'चा, म्हणजे तालाच्या तेवढ्या छोट्या आवर्तनांचा, जेमतेम मिनिटभराचा असतो. त्यातून पुन्हा बोलावलेल्यांना संहितेची दोन-तीन पानं वाचायला देतात, नाच बघतात, समोरच्या नटाबरोबर उभं करून बघतात. आणि या सगळ्यात नटाच्या खिशातून काही जात नाही. पैसा निर्मात्याकडून नटाकडे जातो, उलटा कधीच नाही. हा नियम काही आपोआप आलेला नाही. न्यूयॉर्कमध्ये १९१३ साली ११२ नटांनी 'ॲक्टर्स इक्विटी' ही संघटना काढली ती याच जाचामुळे: बिनपगारी तालमी, पोशाख नटानंच आणायचा, दौरा बुडाला तर परतीचं भाडंही त्यानंच काढायचं. १९१९ साली त्यांनी संप करून ब्रॉडवेची नाटकं बंद पाडली तेव्हा कुठे निर्माते वठणीवर आले. आज ती संघटना निर्मात्याकडून मानधनाची हमी म्हणून रक्कम आधीच ठेवून घेते. कॅलिफोर्नियात तर काम मिळवून देतो म्हणून कलाकाराकडून आगाऊ पैसे घेणाऱ्यांवर २०१० पासून कायद्यानं बंदी आहे. हे सगळं मी नंतर वाचलं. पण नटांकडून अनामत घेणारा माणूस खोटा, हे कळायला वाचनाची गरज नव्हती. मला फक्त माहीत नव्हतं की तो ती घेतोय, कारण इतक्या दिवसांत मी त्याच्या एकाही नटाशी थेट बोलले नव्हते.

तक्रार केली. बँकेला त्याच दिवशी कळवलं म्हणून दुसऱ्या हप्त्यातली थोडी रक्कम गोठवता आली. पहिला हप्ता गेला तो गेलाच. खातं तिसऱ्याच माणसाच्या नावावर होतं, त्याच्याकडून ते म्हणे भाड्यानं घेतलं होतं. तेवीस जणांचे मेसेज, पावत्या, पत्रं तारखेनुसार लावून आम्ही एकत्र दिलं. एकेकट्यानं गेलेल्यांना 'रक्कम छोटी आहे' म्हणून परत पाठवलं होतं, गठ्ठा बघितल्यावर लिहून घेतलं.

नाटक झालं. दहा दिवस उशिरा, सहाऐवजी चार नव्या कलाकारांत आणि दोन गाणी कापून. निवड हॉलमध्येच केली, काका पेटीवर. मधेच ते न सांगता पट्टी बदलायचे आणि गाणारा सावरतो का बघायचे. बुटांची पिशवी घेऊन आलेल्या त्या मुलीलाही ऐकलं. गाते बरी, पण मोठ्या हॉलला पुरेल असा आवाज अजून नाही. तिला ते सांगताना माझ्यानं तिच्याकडे बघवलं नाही. तिनं 'ठीक आहे ताई' म्हणून फोल्डर सॅकमध्ये ठेवला आणि मग तिकिटाच्या खिडकीवर बसायला येऊ का, असं विचारलं. आली, तीन आठवडे बसली.

तक्रारीचं अजून चालूच आहे. गेल्या महिन्यात ओळखीच्या एका संस्थेनं मला एक पीडीएफ पाठवली, हा माणूस कसा आहे म्हणून. नाव नवीन, फोन नंबर नवीन, कलाकार तेच चौदा. शेवटच्या पानावर 'आमची मागील कामे' असा मथळा, त्याखाली आमचं बोधचिन्ह, आणि उजव्या कोपऱ्यात अर्धा 'प्र'.