विश्रामबागेतील औषध दुकान, सांगली

वडील 12 वर्षे मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत आहेत. गेल्या पावसाळ्यात ते अबोल झाले, आमराईत फिरायला जाणेही त्यांनी सोडले, म्हणून मी या दुकानात ओमेगा-3 या पूरकाच्या कॅप्सूल मागितल्या. काउंटरवरच्या ताईंनी बाटली बाजूला ठेवून आधी डॉक्टरांची चिठ्ठी वाचली आणि मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास बी-12 जीवनसत्त्व कमी होऊ शकते, असे सांगून तळपायांना मुंग्या येतात का, हे विचारले. येत होत्या. रक्ततपासणीत बी-12 खरोखरच कमी निघाले; डॉक्टरांनी इंजेक्शने सुरू केली आणि मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवले, कारण पूरक गोळी नैराश्याच्या उपचारांची जागा घेऊ शकत नाही. दुकान अरुंद आहे, संध्याकाळी ताटकळावे लागते. पावतीमागे ताईंनी लिहिलेल्या इंजेक्शनच्या तारखा आईने देवघराशेजारी चिकटवल्या आहेत.